पान कुणाच्या हातावर उठतं

आमच्या अभिलेखागाराच्या वाचनकक्षात कोणी खोकलं, तरी बाकीचे मान वर करून बघतात. त्या दिवशी त्याच कक्षात माणसं खुर्च्यांवर उभी होती. खिडक्यांच्या गजांना लटकलेली माणसं, पुस्तकं काढायच्या शिडीवर चढलेली माणसं, आणि ‘पिशव्या बाहेर ठेवाव्यात’ या पाटीखाली पिशव्या छातीशी धरून उभी असलेली माणसं. फाटकाबाहेरची रांग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली होती. एरवी आमच्याकडे दिवसाला जेमतेम चार-दोन वाचक येतात, त्यातलेही काही पंख्याखाली डुलकी काढायला. जुन्या कागदपत्रांची एवढी ओढ शहराला अचानक लागली, त्याचं कारण एकच. पर्णयोगी आले होते.

पर्णयोगी हे नाव त्यांचं त्यांनीच ठेवलेलं. पायघोळ अंगरखा, कानांवर आलेले केस, आणि समोरच्याला वाकून ऐकावं लागेल इतका हळू आवाज. त्यांच्याकडे म्हणे एका गुहेत सापडलेल्या प्राचीन ग्रंथाचं एकुलतं एक पान होतं. मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं, लांबीला बोटभर. चांदीच्या डबीत ते ठेवलेलं असायचं. माणसाच्या तळहातावर पान ठेवायचं. निर्दोष असेल तर पान पडून राहतं. दोषी असेल तर पान उठतं.

उठतं म्हणजे खरोखरच उठतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी कडा थरथरतात. मग एक टोक वर येतं, मागोमाग दुसरं, आणि ते एवढंसं पान तळहातावर कमान टाकून डोलायला लागतं. 

“पानाला डोळे नाहीत,” योगी म्हणायचे, “म्हणून ते भुलत नाही. पानाला कान नाहीत, म्हणून ते कोणाचं ऐकत नाही. पानाला तोंड नाही, म्हणून ते खोटं बोलत नाही.” या न्यायाने आमच्या कचेरीतला पेपरवेट हा केवढा मोठा न्यायाधीश, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण भोवती सगळ्यांचे डोळे पाणावले होते, म्हणून मीही रुमाल काढला.

पर्णयोगींना बोलवावं लागलं, कारण आमचा सगळ्यात मौल्यवान नकाशा नाहीसा झाला होता. शहर वसायच्या आधीचा, नदीकाठचा, हाताने रंगवलेला. त्यावर एका झाडाखाली एक कुत्रंसुद्धा काढलेलं आहे. शाळांच्या सहली आल्या की मुलं फक्त ते कुत्रं शोधतात. हा नकाशा सपाट, रुंद खणांच्या लोखंडी कपाटात असायचा. एके दिवशी वाचकाने मागितला, मी खण उघडला, तर आत नुसती पुठ्ठ्याची घडी.

संचालक साहेबांनी पोलिसांना कळवायला हवं होतं. त्यांनी अध्यक्षांना कळवलं. अध्यक्ष पर्णयोगींचे भक्त. ते म्हणाले, “पोलीस महिनोन्‌महिने घोळ घालतील. पान एका सकाळीत निकाल देईल.” संचालकांनी मान डोलावली. अध्यक्षांसमोर मान डोलावण्यात आमच्या संचालकांचा हात कोणी धरू शकत नाही.

तर त्या सकाळी सगळे कर्मचारी ओळीने उभे राहिलो. योगींचा चेला प्रत्येकाच्या तळहातावर पांढरी पूड टाकत होता. “शुद्धिचूर्ण,” तो म्हणायचा, “दोन्ही हात चोळा. पानाचा मान आहे.” आम्ही चोळले. पूड मऊ होती आणि तिला बाळाच्या पावडरीचा वास होता. मग योगी पान ठेवत. दरवानाच्या हातावर पान पडून राहिलं. टंकलेखकाच्या हातावर पडून राहिलं. माझ्या हातावर, संचालकांच्या हातावर, सगळ्यांच्या हातांवर ते मेल्यासारखं पडून राहिलं.

शेवटी ताई आली. ताई म्हणजे माझी थोरली सख्खी बहीण आणि आमच्या दुरुस्ती विभागाची प्रमुख. फाटके, कुजके, वाळवीने खाल्लेले कागद तिच्या टेबलावर जातात आणि माणसात येऊन परततात. सबंध नोकरी तिने त्या एका टेबलाशी काढली. स्वभाव तिखट. कागदाशी जितकी हळुवार, माणसाशी तितकीच उलट. ती आली ती पदराला हात पुसतच. कागदाला हात लावायच्या आधी आणि नंतर हात धुवायची तिची सवय. आमच्याकडे तिने तशी पाटीच लावून ठेवली आहे.

चेल्याने पूड पुढे केली.

“नको,” ताई म्हणाली.

“शुद्धी आहे, ताई.”

“असू दे. मला इथून परत जाऊन कागदाला हात लावायचाय. पूड कागदाच्या धाग्यांत जाऊन बसते, मग जन्मात निघत नाही.”

“सगळ्यांनी लावली,” संचालक म्हणाले.

“सगळ्यांना कागदाला हात लावायचा नाहीये, साहेब.”

योगी हसले. इतके मायेने हसले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. “जिला शुद्धी नको, तिला आग्रह नको,” म्हणाले, आणि त्यांनी पान तिच्या हातावर ठेवलं.

पान उठलं. नुसतं उठलं नाही, वळवळलं, एका कुशीवर झालं आणि जवळजवळ गुंडाळी करून तिच्या अंगठ्याकडे सरकलं. कक्षातून एक लांब ‘आऽऽ’ निघाला. शिडीवरचा एक जण घाईत खाली आला.

ताईने पानाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तर कोणीतरी चुकीच्या कपाटात पुस्तक ठेवल्यावर येते तशी आठी होती. “मी काहीच घेतलेलं नाही. हे काय आहे?” ती म्हणाली.

“तेच मी तुम्हाला विचारतोय,” संचालक म्हणाले. “पान खोटं बोलत नाही. किल्ल्या द्या.”

दुरुस्तीच्या खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला असायचा. तो जुडगा मी तिच्या कमरेशिवाय दुसरीकडे कधी पाहिलेला नव्हता. तिने तो काढून टेबलावर ठेवला. दुपारपर्यंत सगळ्यांसमोर निलंबनाचा कागद निघाला. चौकशी होईपर्यंत घरी बसा. चौकशी कोण करणार, हे कागदात नव्हतं. पान करून बसलं होतं.

नंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या सकाळनंतर नकाशा शोधायचं सगळ्यांनी सोडून दिलं. एकही कपाट कोणी हलवलं नाही. चोर सापडल्यावर शोधायचं कशाला?

*

ताई आणि आई एकत्र राहतात, माझं घर पुढच्या गल्लीत. संध्याकाळी गेलो तर आई खिडकीशी बसलेली आणि ताई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. शेजारच्या दोघी येऊन ‘समाचार’ घेऊन गेल्या होत्या.

आईने मला जवळ बोलावलं. मग तिचं तिलाच राहवलं नाही. तिने स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, “काय गं, खरं सांग. घरचं माणूस आहे म्हणून विचारते. घेतलास का तू?”

भांडी थांबली.

“कोणासाठी घेतला असलास तरी सांग,” आई म्हणाली. “आपण परत देऊन टाकू. एवढ्या लोकांनी पाहिलं म्हणतात, पान उठलं.”

ताई दारात आली. हात ओले होते. तिने ते पुसले नाहीत. मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, “शेजारणींनी विचारलं असतं तर चाललं असतं. संचालकांनी विचारलं तेही चाललं. तू विचारलंस. आता मी कोणालाही सोडणार नाही.”

“म्हणजे गं काय?”

“म्हणजे काही नाही. चहा घेणार?”

मी ताईला लहानपणापासून ओळखतो. तिचा राग आरडाओरड्याचा असला की संध्याकाळपर्यंत उतरतो. ती चहा विचारायला लागली की माणसाने गाव सोडावं.

चहा घेताना तिने मला एकच प्रश्न विचारला. “पान उठलं तेव्हा कुठल्या बाजूला वळलं, पाहिलंस? हाताकडे की हातापासून वर?”

“वर. टोकं वर आली.”

“आणि तुझ्या हातावर?”

“पडून होतं.”

“पूड लावलीस ना शहाण्यासारखी.”

“सगळ्यांनी लावली.”

“तेच,” ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली. ते हसू मला आवडलं नाही. “आता ऐक. नकाशांच्या कपाटातला सगळ्यात खालचा खण उघडतोस ना, तो नुसता उघडू नकोस. पूर्ण बाहेर काढ. जमिनीवर ठेव. आणि मोकळ्या जागेत हात घालून मागच्या पत्र्यापर्यंत बघ.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कक्ष रिकामा असताना, मी खण बाहेर काढला. तो इतका जड की कमरेने जाब विचारला. आडवा पडून आत विजेरी मारली. खणांच्या मागे, कपाटाच्या पाठीशी, एका धुळीच्या फटीत दुमडून, चेंगरून बसला होता तो. नदीचा निळा रंग दिसला. मग झाड. झाडाखालचं कुत्रं माझ्याकडे बघत होतं.

मी तिथूनच फोन लावला. “ताई, आहे.”

“अवस्था?”

“आडवी घडी पडलीय. एक कोपरा मुडपलाय. फाटलेला दिसत नाही. मी आत्ताच जाऊन संचालकांना—”

“हात लावू नकोस.”

“अगं, सापडला.”

“खण परत लाव,” ती म्हणाली. “आणि तोंड बंद ठेव.”

मी समजून चुकलो होतो की ती काय करतेय. आयुष्यभर कागदाच्या एका सुरकुतीसाठी रात्रीची झोप घालवलेली बाई त्या नकाशाला आणखी काही दिवस धुळीत चेंगरून ठेवत होती. कागदाशी केलेली ही तिची पहिली बेइमानी.

“त्याला आणखी काही होणार नाही ना?” मी विचारलं.

“होईल. मी नंतर त्याची माफी मागीन. माणसांची नाही मागणार.”

त्याच दुपारी तिने संचालकांना फोन केला. मी त्यांच्या खोलीत वह्या देत होतो, म्हणून एक बाजू ऐकली. “हो का? ... वा. ... नाही, नाही, चांगलंच आहे. ... सगळ्यांसमोर? अवश्य. अध्यक्षांनाही बोलावतो. वार्ताहरही बोलावतो.” त्यांनी फोन ठेवला आणि हात चोळले. “तुमच्या ताईंना उपरती झालीय. सगळ्यांसमोर सगळं सांगायचं म्हणतायत. बघा, पानाची ताकद.”

“बघतोय,” मी म्हटलं.

*

म्हणजे आता तुम्ही वाचनकक्षात परत आलात. पहिल्या दिवशीपेक्षा गर्दी दुप्पट, कारण नुसता चोर बघण्यापेक्षा कबुली देणारा चोर बघायला लोकांना जास्त आवडतं. पुढच्या रांगेत अध्यक्ष, त्यांच्या शेजारी संचालक नव्या कोटात. वार्ताहर वही काढून बसलेला. योगी उंच आसनावर, पुढ्यात चांदीची डबी. आणि कक्षाच्या मधोमध, नेहमीप्रमाणे, आमचे संस्थापक. म्हणजे त्यांचा संगमरवरी पुतळा. एका हातात पुस्तक, दुसरा हात ज्ञान वाटत असल्यासारखा पुढे केलेला, तळवा वर.

ताई आली ती बादली घेऊन. बादलीत पाणी आणि एक स्पंज, खांद्यावर स्वच्छ पंचा. मागे आई, काठी टेकत. आईला का आणलं म्हणून मी खुणेने विचारलं. ताईने बादली खाली ठेवली.

“बोला,” संचालक म्हणाले. “मनावरचं ओझं उतरवा.”

“उतरवते. आधी योगीजींना दोन शंका विचारायच्या आहेत. मग मी काय ते सांगीन.”

योगींनी मायेने हात हलवला.

“हे शुद्धिचूर्ण कशासाठी असतं?”

“पानाचा मान म्हणून, बाळ.”

“त्याने पानाच्या निकालात फरक पडतो?”

“पानाला चूर्णाची काय गरज? सूर्याला काडेपेटी लागते का?”

गर्दीत हशा पिकला. ताईही हसली. “म्हणजे चूर्ण नसलं तरी निर्दोष माणसाच्या हातावर पान उठणार नाही.”

योगींना प्रश्न जरा लांबट वाटला असावा. त्यांनी चेल्याकडे पाहिलं. पण वार्ताहर लिहीत होता आणि अध्यक्ष श्रद्धेने पुढे वाकले होते. “नाही उठणार,” योगी म्हणाले.

“लिहिलंत?” ताईने वार्ताहराला विचारलं. “मग या वाचनकक्षाचा नियम आहे, तो भिंतीवर आहे. हात धुवावेत, पुसावेत, पूड, तेल, अत्तर लावू नये. हा नियम मीच केलाय आणि यावर साहेबांची सही आहे. साहेब, हात पुढे करा.”

“माझा?” संचालक म्हणाले. “माझी परीक्षा झालीय.”

“परत होऊ दे की. पान तर खोटं बोलत नाही.”

अध्यक्ष म्हणाले, “करा हो पुढे. त्यात काय एवढं.”

संचालकांनी मान डोलावली, सवयीप्रमाणे. ताईने त्यांचे हात धुतले, पंचाने पुसले, डबीतलं पान उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. संचालकांना एकूणच घाम फार. त्यात नवा कोट.

पान असं उठलं की ते धरायला त्यांनी दुसरा हात पुढे केला.

कोणी ‘आऽऽ’ केलं नाही. एका माणसाने फक्त नाक शिंकरलं.

“हे... हे चुकून...” संचालक म्हणाले.

“पान चुकत नाही, साहेब. किल्ल्या द्या.”

योगी चपळाईने उठले, पान घेतलं, डबीत टाकलं आणि झाकण लावलं. “पान थकलंय. इतक्या पापांचा भार त्याला एका दिवसात सोसत नाही. आता पौर्णिमेनंतर.”

“थकू दे बिचारं,” ताई म्हणाली, आणि तिने पिशवीतून पुठ्ठ्याची एक पेटी काढली. झाकण उघडलं. आत पानं. मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी, बोटभर लांब. गड्डीच्या गड्डी. “मलाही सापडली गुहेत. माझी गुहा स्वयंपाकघरातल्या माळ्यावर आहे.”

आता मात्र गर्दी बोलायला लागली. अध्यक्ष उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. श्रद्धा खरी असलेल्या माणसाचा उतरतो तसा. “माझ्या हातावर ठेवा,” ते म्हणाले. “मला कळलं पाहिजे.”

धुतले, पुसले, ठेवलं. उठलं. अध्यक्ष आपल्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. “पण मी काहीच घेतलं नाही हो,” ते म्हणाले, अगदी लहान आवाजात.

“मीही हेच म्हणाले होते,” ताई म्हणाली.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. आई पुढे आली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिने बादलीत स्वतःच हात बुडवला, पदराला पुसला आणि ताईपुढे धरला. ताईचा हात पहिल्यांदा थबकला. मग तिने पान ठेवलं. ते आईच्या सुरकुत्यांवर हळूच कमान झालं आणि डोलायला लागलं.

“उठलं,” आई म्हणाली.

“हो.”

“माझ्याही हातावर उठतं म्हणजे...” आई बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि तिथून योगींकडे अशी बघायला लागली की चेल्याने चपला कुठे काढल्या होत्या ते आठवायला सुरुवात केली.

“आता शेवटचा आरोपी,” ताई म्हणाली. तिने स्पंज बादलीत बुडवून पिळला, पुतळ्याजवळ गेली आणि संस्थापकांचा पुढे केलेला संगमरवरी तळवा पुसून काढला. त्या ओलसर दगडावर तिने पान ठेवलं.

आणि पान उठलं. थरथरलं, कमानलं, कुशीवर झालं. आमची संस्था स्थापन करून कधीच देवाघरी गेलेल्या त्या सज्जन माणसाने, दगडाच्या हाताने, सगळ्यांदेखत चोरी कबूल केली.

पहिल्यांदा दरवान हसला. मग शिडीवरचा. मग तो कक्ष, जिथे खोकण्याचीही चोरी, तिथे माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसायला लागली.

*

हसू ओसरल्यावर ताईने पेटीतून एक मोठा चुरचुरीत कागद काढला आणि उंच धरला. “फुलांच्या गुच्छाला गुंडाळतात तो हा कागद. सेलोफेन. संचालक साहेबांनी मागे माझा सत्कार केला होता, त्या गुच्छाचा आहे. मी कागद फेकत नाही. चहाच्या पाण्यात रंगवला की मधासारखा दिसतो, योगीजींच्या पानासारखा. हा कागद ओल पितो. ज्या बाजूने पितो, ती बाजू फुगते, लांब होते. वरची बाजू कोरडी, ती तेवढीच राहते. मग कागद कोरड्या बाजूकडे वळतो. म्हणून टोकं वर येतात. तळहाताला घाम असतो, तो सगळ्यांनाच असतो. पूड लावली की ओल पूड पिते, कागदाला काही मिळत नाही, पान पडून राहतं. एवढंच. यात पाप नाही, पुण्य नाही. पाणी आहे.”

“मग हे चोर कसा निवडायचे?” वार्ताहराने विचारलं.

“ते निवडतच नाहीत. पूड नको म्हणतो तो चोर. आणि प्रत्येक कचेरीत, प्रत्येक घरात पूड नको म्हणणारा कोणीतरी असतोच. बहुधा तोच, ज्याला पकडलेलं बाकीच्यांना मनातून हवंच असतं.”

संचालकांनी बुटांकडे पाहिलं.

“ते सगळं ठीक,” ते म्हणाले, “पण नकाशा तर गेलाच ना? तो कुठाय?”

मला वाटतं, ताई याच वाक्यासाठी इतके दिवस जगली होती.

“खालचा खण बाहेर काढा, साहेब. पूर्ण. नाही, याला सांगू नका. तुम्ही काढा.”

नव्या कोटात संचालक वाकले, ओढला, घामाघूम झाले, आणि अखेर खण जमिनीवर आला. “आत हात घाला.” त्यांनी घातला. दंडापर्यंत घातला. “हळू,” ताई एकदम ओरडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, “हळू, माझा कागद आहे तो.” मग तिने त्यांना बाजूला सारलं, स्वतः जमिनीवर आडवी झाली, आणि नदीकाठचा तो नकाशा दोन्ही तळव्यांवर, झोपलेलं मूल उचलावं तसा बाहेर काढला.

तिने तो टेबलावर ठेवला. आडवी घडी, मुडपलेला कोपरा, धूळ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गर्दीला आनंदाचं वाटलं. मला माहीत होतं ते कशाचं होतं.

“हा चोरीला गेला नव्हता,” ती म्हणाली, पाठ वळवूनच. “याने तेच केलं जे पानाने केलं. नकाशांच्या खोलीतलं ओल शोषायचं यंत्र साहेबांनी बंद करायला लावलं, वीज फार लागते म्हणून. मी तक्रार केली, दोनदा. खोलीत ओल आली, नकाशाची वरची बाजू ती प्यायली, कडा वळून खाली मागच्या फटीकडे गेली. नंतर साहेबांनी पाहुण्यांना नकाशे दाखवायला खण धडाधड उघडले, मिटले. मागची कडा फटीत अडकली आणि नकाशा मागे ओढला जाऊन खाली, शेवटच्या खणामागे पडला. हे काम एका हाताने बंद केलेल्या बटणाचं आहे. ते कोणाच्या हातावर उठलं असतं, ते पान जाणे.”

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, “झालं ते झालं. आता सगळ्यांनी मोठ्या मनाने—”

“माझं मन लहान आहे,” ताई म्हणाली. “निलंबनाचा कागद सगळ्यांसमोर काढला होता. साहेब, तो सगळ्यांसमोर वाचा, आणि सगळ्यांसमोर फाडा. फाडलेला मी दुरुस्त करणार नाही.”

संचालकांनी वाचला. आवाज येत नव्हता तेव्हा मागची मंडळी “मोठ्याने” म्हणाली. फाडला. किल्ल्यांचा जुडगा त्यांना तिच्या हातात द्यावा लागला, आणि तिने तो घ्यायच्या आधी पदराला हात पुसले.

इकडे योगी आणि चेला दाराकडे सरकले होते. काही तरण्याबांड मंडळींनी बाह्या सरसावल्या. ताईने त्यांना अडवलं.

“हात लावायचा नाही.”

“ताई, तुम्ही याला सोडता?”

“सोडते कुठे? मार खाल्लेला महाराज पुढच्या शहरात जाऊन जखमा दाखवतो आणि दुप्पट भक्त मिळवतो.” तिने योगींचं आसन बोटाने दाखवलं. “बसा. रांग बाहेर औषधांच्या दुकानापर्यंत आहे. प्रत्येकाला चोर व्हायचंय. तुमच्याच हाताने प्रत्येकाच्या हातावर ठेवा. पान कमी पडणार नाही, माझ्याकडे गड्डी आहे.”

आणि पर्णयोगी संध्याकाळ होईपर्यंत बसले. लोक येत, हात धुवत, चोर होत, हसत जात. “पानाला डोळे नाहीत,” एखादी शाळकरी मुलगी म्हणायची, आणि रांग पुढचं एका सुरात पुरं करायची. आईने आपली खुर्ची योगींसमोर लावून घेतली होती आणि ते थकून थांबले की ती काठीने जमिनीवर हळूच टकटक करायची. शेवटी योगींच्या स्वतःच्याच हातावर पान ठेवलं गेलं. ते कसं उठलं, हे मी सांगायला नको. भीतीचा घाम वेगळाच असतो. पुढे पोलीस आले ते आले. पण त्यानंतर योगी कुठल्या शहरात दिसले नाहीत, कारण त्या संध्याकाळचं वर्तमान त्यांच्या आधी सगळीकडे पोचलं होतं.

मग आम्ही घरी निघालो. फाटकाशी आल्यावर आई म्हणाली, “मी विचारायला नको होतं.”

“विचारायला काहीच हरकत नव्हती,” ताई म्हणाली. “मला विचारलंस, ते बरोबर. पानाचं ऐकून विचारलंस, त्याचा राग आला.”

“गेला का राग?”

“नाही,” ताई म्हणाली, आणि तिचा हात धरून तिला पायरी उतरवली. “पण तू हात पुढे केलास तेव्हा अर्धा गेला.”

नकाशा आता तिच्या टेबलावर आहे, टीपकागदांच्या मधे, वजनाखाली. ती रोज थोडी ओल देते, थोडी काढते. घडी जवळजवळ निघाली. थोडी राहील. ती तिने मुद्दाम राहू दिलीय की तिला जमत नाहीये, हे मी विचारलेलं नाही.

वाचकहो, मला उपदेश करता येत नाही, म्हणून सरळ सांगतो. उद्या तुमच्याकडेही कोणी येईल. पान असेल, लिंबू असेल, आरसा असेल, किंवा नुसतं खणखणीत बोलणं असेल. तो तुम्हाला चोर दाखवेल आणि तुम्हाला बरं वाटेल, कारण चोर दाखवला की शोधायचा त्रास वाचतो. तेव्हा एवढंच करा. पूड लावायच्या आधी ती कशासाठी आहे ते विचारा. जो नको म्हणतोय त्याचं कारण ऐकून घ्या. तेच पान पुतळ्याच्या हातावर ठेवून बघा. आणि काहीही झालं तरी खण पूर्ण बाहेर काढल्याशिवाय कोणाच्या किल्ल्या काढून घेऊ नका.

विशेषतः त्या माणसाला ताईसारखी बहीण असेल तर. किंवा तो माणूस म्हणजेच कोणाची तरी ताई असेल तर.